पी०४२० आलाय: ब्लूटूथ डोंगल, वायरवाला स्कॅनर की नुसता मल्टीमीटर?

चेक इंजिनचा दिवा लागला, बिघाडाचा कोड निघाला पी०४२०, आणि गॅरेजमधून निकाल आला की कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) गेला, अख्खं युनिट बदला. बिल पाच आकडी. पैसे मोजण्याआधी स्वतः खात्री करून घ्यायची असेल तर तीन वाटा आहेत: हजाराच्या आत मिळणारा ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा तुकडा) आणि हातातला मोबाइल, स्वतःची स्क्रीन असलेला वायरवाला स्कॅनर, किंवा मल्टीमीटर आणि त्याच्या जोडीला व्हॅक्युम गेज, इन्फ्रारेड थर्मामीटर अशी जुनी हत्यारं. मी तिन्ही वापरतो. तिन्हींचं आपापल्या जागी बरं आहे, तरी विकत काय घ्यावं असं कुणी विचारलं तर माझं उत्तर हल्ली ठरलेलं आहे. ते का, ते पुढे येईल.

पुढचा आणि मागचा सेन्सर म्हणजे कॅटच्या आधी आणि नंतर बसवलेले ऑक्सिजन सेन्सर; लीन म्हणजे मिश्रणात इंधन कमी, रिच म्हणजे जास्त. एवढं ठाऊक असलं की पुरे. फक्त गाडीचं वय आधी बघा. बीएस-४ हे प्रदूषणाचं मानक पुण्यात १ एप्रिल २०१० लाच आलं. पहिल्या १३ शहरांत पुणे होतं, सोलापूरही होतं. पण कॅटच्या कार्यक्षमतेवर लक्ष ठेवणारं ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड ओळखण्याची यंत्रणा) आलं १ एप्रिल २०१३ पासून. त्याआधीच्या गाडीत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचं सॉकेट दिसलं तरी डोंगल किंवा स्कॅनर सगळं दाखवेल याची खात्री नाही. तशी गाडी असेल तर मल्टीमीटरचा भाग वाचा, बाकीचं सोडलं तरी चालेल.

आपण नेमकं काय शोधतोय

ईसीयू, म्हणजे इंजिनचा संगणक, धुरातले विषारी वायू मोजत नाही. कॅटच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमच्या जोडीला सिरियम ऑक्साइडचा थर असतो. तो जादा ऑक्सिजन साठवतो आणि कमी पडला की सोडतो. त्यामुळे पुढचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत असला तरी मागचा ०.६ ते ०.७५ च्या आसपास शांत राहतो. साठवणूक संपत आली की मागचाही नाचायला लागतो, आणि ईसीयू त्यावरून पी०४२० देतो. म्हणजे हा कोड ऑक्सिजन साठवण्याच्या क्षमतेबद्दलचा अंदाज आहे, आणि तो मागच्या सेन्सरच्या तोंडून आलेला आहे. मागच्या सेन्सरजवळ सायलेन्सर गळत असेल, इंजिन मिसिंग करत असेल (एखाद्या सिलिंडरमध्ये इंधन नीट जळत नसेल) किंवा सेन्सरच थकला असेल, तरी तक्रार कॅटच्याच नावाने येऊ शकते.

म्हणून हत्याराकडून दोन गोष्टी हव्यात. पुढच्या आणि मागच्या सेन्सरच्या रेघा एकाच वेळी, एकाच वेळेच्या पट्टीवर दिसाव्यात. आणि त्या रेघा खऱ्या असाव्यात.

मल्टीमीटर: हीटरसाठी याला तोड नाही

कोड पी०१३५ किंवा पी०१४१ असेल, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या सेन्सरला आतून तापवणाऱ्या हीटरचा, तर बाकी काही विकत घेऊ नका. इंजिन थंड असताना कनेक्टर सोडवा. चार वायरींच्या सेन्सरमध्ये हीटरच्या दोन वायरी बहुधा एकाच रंगाच्या असतात. बॉश आणि एनटीके पद्धतीत दोन पांढऱ्या हीटरच्या, काळी सिग्नलची, राखाडी ग्राउंडची. डेन्सो पद्धतीत दोन काळ्या हीटरच्या, निळी सिग्नलची, पांढरी ग्राउंडची. हीटरच्या दोन पिनांमध्ये थंड असताना काही ओहमपासून साधारण १५ ओहमपर्यंत रीडिंग यायला हवं. मीटर काहीच दाखवत नसेल तर हीटर तुटला. रीडिंग ठीक असेल तर गाडीकडच्या कनेक्टरवर या: एका पिनेवर बॅटरीचा व्होल्टेज यायला हवा (काही गाड्यांत इंजिन चालू झाल्यावरच येतो), दुसरी पिन ईसीयू आतून ग्राउंडला जोडतो. व्होल्टेज नसेल तर आधी फ्यूज बघा, मग वायर. मागच्या सेन्सरची वायर गाडीच्या पोटाखालून जाते, स्पीडब्रेकरवर घासते, पावसाळ्यात भिजते. आणि सोसायटीत उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर हे कारण चेष्टेचं नाही.

सिग्नल बघायचा असेल तर कनेक्टर जोडलेलाच ठेवून मागून बारीक पिन सरकवा. वायरीचं आवरण टोचू नका. बऱ्याच झिर्कोनिया (साध्या, व्होल्टेज देणाऱ्या) सेन्सरना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीच्या आवरणातून, तारांच्या फटींतूनच मिळते. तिथे भोक पडलं आणि पाणी शिरलं, किंवा कुणी प्रेमाने कनेक्टरमध्ये ग्रीस भरलं, तर चांगला सेन्सर खोटं बोलायला लागतो. वायर कापून जोडायचे युनिव्हर्सल सेन्सर मला नकोसे वाटतात त्याचंही कारण हेच.

मल्टीमीटरची मर्यादा दोन ठिकाणी. साधा डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच आकडा बदलतो, त्यामुळे नाचणारा सेन्सर त्यावर ०.३, ०.६, ०.४ असा भरकटलेला दिसतो. मिन-मॅक्सचं बटण असेल तर निदान टोकं कळतात: खाली ०.२ च्या आत आणि वर ०.८ च्या पुढे जातोय का, एवढं. ०.४५ वर चिकटून बसला असेल तर तो थंड आहे, मेला आहे किंवा वायर तुटली आहे. दुसरी अडचण नव्या गाड्यांची. बऱ्याच बीएस-६ गाड्यांत पुढे पाच वायरींचा वाइडबँड सेन्सर आला आहे. तो करंटवर चालतो. त्याच्या सिग्नलला मल्टीमीटर लावून हाती काही येत नाही.

इन्फ्रारेड थर्मामीटरबद्दल थोडं बोलायलाच हवं, कारण हा सल्ला सगळीकडे मिळतो: कॅटच्या पुढचं आणि मागचं तापमान मोजा, मागचं जास्त असेल तर कॅट चालू आहे. तत्त्व बरोबर, व्यवहार अवघड. आजच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत कॅट एक्झॉस्ट मॅनिफोल्डला चिकटून आणि पत्र्याच्या शील्डखाली असतो. थर्मामीटरची बंदूक शील्डचं तापमान सांगते. उघडा स्टीलचा पाइप मिळाला तरी चकचकीत पृष्ठभाग उष्णता कमी फेकतो आणि ०.९५ उत्सर्जकता (पृष्ठभाग उष्णता किती फेकतो त्याचा आकडा) धरून बांधलेली बंदूक तिथे बरंच कमी दाखवते. दोन्ही जागी उष्णतारोधक काळ्या रंगाचा ठिपका दिला तर थोडा अर्थ येतो. शिवाय ज्या इंजिनात ज्वलन नीट होतंय तिथे कॅटला जाळायला फारसं काही उरतच नाही, त्यामुळे चांगल्या कॅटवरही फरक किरकोळ येतो. या चाचणीवर मी कॅटला दोषी धरणार नाही, निर्दोषही सोडणार नाही.

व्हॅक्युम गेज मात्र ठेवावा. कॅट आतून वितळून किंवा तुटून चोंदला असेल (गाडी ओढत नाही, तिसऱ्या गिअरमध्ये पुढे सरकायला तयार नाही, खालून खुळखुळ आवाज) तर इनटेकच्या व्हॅक्युमवर ते कळतं. २५०० आरपीएमवर धरून ठेवल्यावर सुई हळूहळू खाली उतरत गेली तर वाट बंद आहे. इथे एक पुणेरी दुरुस्ती करावी लागते. मॅन्युअलात आयडलला १७ ते २१ इंच (पाऱ्याचे) व्हॅक्युम लिहिलेला असतो, तो समुद्रसपाटीचा. पुणे साधारण ५६० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे इथे जवळपास दोन इंच कमी धरा. १६ इंच दिसला म्हणून इंजिन खोलायला काढू नका. याच हिशेबाने चावी फिरवून इंजिन बंद असताना स्कॅनरवर मॅप सेन्सरने (इनटेकमधला दाब मोजणारा) १०१ नाही, ९५ किलोपास्कलच्या आसपास दाखवायला हवं.

याहून पक्की चाचणी म्हणजे पुढचा सेन्सर काढून त्याच्या भोकात गेज लावणं. आटे एम१८ गुणिले १.५ चे असतात. आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० आरपीएमला तीनच्या आत दाब हवा. तीनच्या वर गेला तर अडथळा आहे, मग कोड काहीही असो.

ब्लूटूथ डोंगल: इतक्या स्वस्तात इतकं काही मिळत नाही

डोंगलची बाजू आधी मांडतो, कारण ती भक्कम आहे. कोड वाचतो, फ्रीझ फ्रेम (कोड लागला त्या क्षणीच्या आकड्यांची नोंद) दाखवतो, फ्यूएल ट्रिम (ईसीयू इंधन किती टक्के वाढवतो-घटवतो) दाखवतो आणि मोबाइलमध्ये सगळ्याची नोंद ठेवतो. ही नोंद फार कामाची. गाडी चालवताना काही बघायची गरज नाही, घरी येऊन निवांत ग्राफ उघडावा, मेकॅनिकला व्हॉट्सॲपवर पाठवावा. टॉर्क किंवा कार स्कॅनर यांसारखी ॲप या कामाला पुरेशी आहेत.

विकत घेताना चिपच्या आवृत्तीचा घोळ समजून घ्या. हे स्वस्त डोंगल बहुतेक ईएलएम३२७ नावाच्या कॅनेडियन चिपच्या नकला आहेत. मूळ कंपनीने सुरुवातीच्या आवृत्तीला कॉपीपासून संरक्षण घातलं नव्हतं, तिथून नकलांचा पूर आला. डब्यावर १.५ लिहिलं असेल तर गंमत म्हणजे मूळ कंपनीची तशी आवृत्तीच नव्हती. तरीही नकलांत १.५ वाले २.१ वाल्यांपेक्षा बहुधा जास्त आज्ञा पाळतात. आयफोन असेल तर साधा ब्लूटूथ डोंगल चालणार नाही. ब्लूटूथ लो एनर्जी किंवा वाय-फायवाला लागतो, आणि वाय-फायवाल्यात तपासणीच्या वेळी फोनचं इंटरनेट रुसून बसतं. गाडी आठवडाभर उभी राहणार असेल तर डोंगल काढून ठेवा, सॉकेटच्या १६ नंबरच्या पिनेवर बॅटरी कायम जोडलेली असते.

हे सगळं मी चालवून घेतो. पुढची गोष्ट चालवून घेता येत नाही.

रेघ खोटी निघते तिथे

गरम इंजिनवर २५०० आरपीएमला पुढचा चांगला सेन्सर सेकंदाला साधारण एक-दोनदा रिच-लीन असा फेरा मारतो. एका टोकाकडून दुसरीकडे जाण्याची उडी सेकंदाच्या दहाव्या भागाइतकी जलद असायला हवी. सेन्सर आळसावला आहे की नाही, म्हणजे पी०१३३ चा सगळा प्रश्न, या उडीवर ठरतो.

आता डोंगल कसा काम करतो ते बघा. ॲप एक प्रश्न विचारतं, डोंगल तो गाडीला विचारतो, उत्तर आलं की ब्लूटूथने परत, मग दुसरा प्रश्न. कॅनवाल्या (संगणकांच्या संवादाची नवी, जलद वाट असलेल्या) गाडीत स्वस्त डोंगलला सेकंदाला दहा-बारा उत्तरं मिळाली तरी बरं म्हणायचं. के-लाइनवाल्या (संवादाची जुनी, हळू वाट असलेल्या) गाडीत चार-पाच. ही उत्तरं स्क्रीनवरच्या सगळ्या डायलमध्ये वाटली जातात. आरपीएम, वेग, कूलंट, दोन ट्रिम आणि दोन सेन्सर असे सात डायल लावले की प्रत्येकाला सेकंदाला एखाद-दुसरं रीडिंग. मग सेकंदाला दोनदा नाचणारा सेन्सर ग्राफवर चार सेकंदांनी एकदा आळोखेपिळोखे देताना दिसतो. चांगला सेन्सर आळशी ठरतो. कधी उलटं होतं: मागचा सेन्सर जोरात नाचत असतो, पण रीडिंग नेमकं वरच्या टोकावर पडत जातं आणि रेघ शांत दिसते. ॲप तर या ठिपक्यांमधून गुळगुळीत वळणं काढून देतं, त्यामुळे संशयही येत नाही.

त्याहून घातक भाग वेळेच्या फरकाचा. कॅटची सर्वांत बोलकी चाचणी अशी: गाडी गरम करून तिसऱ्या गिअरमध्ये साधारण ६० च्या वेगाने जाताना पाय पूर्ण उचला. इंजेक्टर बंद होतात, नुसती हवा जाते, दोन्ही सेन्सर शून्याकडे पडतात. मग पुन्हा हलका ॲक्सिलरेटर द्या. पुढचा लगेच वर येतो. मागचा, कॅटमध्ये दम असेल तर, ठळक उशिराने येतो, कारण भरलेला ऑक्सिजन आधी संपावा लागतो. दोघे जवळजवळ एकदम वर आले तर कॅटमध्ये साठवण उरलेली नाही. ही सगळी चाचणी दोन रेघांमधल्या अंतरावर उभी आहे, आणि डोंगल दोघांना एकाच क्षणी विचारतच नाही. आधी एक, मग मधले चार डायल, मग दुसरा. सेकंदभराचा उशीर कॅटने लावला की ॲपने, ते ग्राफवरून कळायचं कसं?

उपाय आहे. ग्राफवर दोनच गोष्टी ठेवायच्या, पुढचा सेन्सर आणि मागचा, बाकी सगळे डायल काढून टाकायचे, ॲपच्या सेटिंगमध्ये जलद संवादाचा पर्याय असेल तर चालू करायचा. कॅनवाल्या गाडीत मग कॅटपुरतं चित्र बऱ्यापैकी विश्वासाचं होतं. सेन्सरच्या आळसाबद्दल मात्र तरीही निकाल देऊ नये. त्यात मध्येच फोन आला की जोडणी तुटते, ते वेगळंच.

याच एका कारणाने मी डोंगलवरून हळूहळू हटलो. हत्यार काहीच दाखवत नसेल तर माणूस दुसरीकडे विचारतो. चुकीची रेघ ठामपणे दाखवत असेल तर माणूस सेन्सर विकत घेऊन येतो.

वायरवाला स्कॅनर

किंमत डोंगलच्या काही पट. स्क्रीन छोटी, बटणं जुन्या मोबाइलसारखी, दिसायला काही नाही. पण वायर थेट सॉकेटमध्ये जाते, मधला ब्लूटूथचा फेरा नाही. बरे स्कॅनर कॅनवर रीडिंग इतक्या लवकर घेतात की २५०० आरपीएमला पुढच्या सेन्सरचे फेरे डोळ्यांनी मोजता येतात. माझ्याकडे याची प्रयोगशाळेतली मोजणी नाही. एकाच गाडीवर डोंगल आणि स्कॅनर एकामागून एक लावले की फरक आपोआप समोर येतो, एवढंच म्हणेन.

सगळे स्कॅनर सारखे नाहीत. सर्वांत स्वस्त तुकडा फक्त कोड वाचतो आणि पुसतो. तो घेण्यापेक्षा डोंगल शंभर वेळा बरा. दुकानात चार गोष्टी विचारा: लाइव्ह डेटा आहे का, दोन ग्राफ एकाच स्क्रीनवर येतात का, फ्रीझ फ्रेम दिसते का, आणि मोड ६ आहे का. जमलं तर गाडीला लावून दाखवायला सांगा.

मोड ६ ची जास्त चौकशी करा, कारण बहुतेकांना तो माहीतच नसतो. ईसीयू स्वतः कॅटची चाचणी घेतो तेव्हा आलेला आकडा आणि पास-नापासची हद्द दोन्ही तिथे ठेवतो. कॅनच्या गाड्यांत पहिल्या बँकेच्या (सिलिंडरांच्या पहिल्या रांगेच्या) कॅटची ही चाचणी २१ क्रमांकाखाली सापडते. दिवा लागलेला नसतानाही कळतं की गाडी हद्दीपासून किती लांब आहे. आकडा मोठा चांगला की लहान, हे कंपनीगणिक बदलतं, म्हणून शेजारी दिलेल्या किमान-कमाल हद्दीकडे बघूनच वाचा. डोंगलवरही काही ॲप हे दाखवतात, पण लांबलचक उत्तर आलं की स्वस्त नकला मध्येच अडखळतात.

स्कॅनरच्या विरुद्ध बोलायचं तर गाडी चालवताना दुसरा माणूस लागतो. वर सांगितलेली पाय उचलण्याची चाचणी एकट्याने स्क्रीनकडे बघत करू नका. कात्रजच्या नव्या बोगद्याकडून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर तर मुळीच नको. लांब उतार मिळतो म्हणून मोह होतो, पण तिथल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळेच वाचतो. सकाळचा मोकळा सपाट रस्ता पुरतो. नोंद ठेवण्याची सोयही बहुतेक छोट्या स्कॅनरवर तुटपुंजी असते. आणि के-लाइनवाल्या जुन्या गाडीत स्कॅनरही हळूच चालतो, कारण तिथे वाटच अरुंद आहे. तशा गाडीवर पुढच्या सेन्सरचा आळस बघायचा असेल तर सिग्नलला छोटा पॉकेट ऑसिलोस्कोप लावणं हाच खरा मार्ग.

वाइडबँडवाल्या गाडीत स्कॅनरवर पुढे व्होल्ट न दिसता लॅम्डा (हवा-इंधनाच्या प्रमाणाचा आकडा, १.०० म्हणजे नेमकं) दिसतो, १.०० च्या अवतीभवती जवळजवळ सपाट. तिथे मागचा पुढच्याची नक्कल करतोय का हा प्रश्नच गैरलागू. मागचा किती स्थिर आहे आणि पाय उचलल्यावर किती उशिरा प्रतिसाद देतो, तेवढंच बघा.

कुठलंही हत्यार घ्या, हे आधी

कोड पुसायच्या आधी फ्रीझ फ्रेमचा फोटो काढा. पुसलं की ती जाते, आणि गाडीच्या सगळ्या स्वयंचाचण्या शून्यावर येतात.

पी०३०० ते पी०३०४ (मिसिंगचे कोड) पैकी काही असेल तर कॅट बाजूला ठेवा आणि मिसिंग काढा. न जळलेलं पेट्रोल कॅटमध्ये जाऊन जळतं, तापमान हजार अंशांच्या घरात गेलं की थर भाजून निघतो, त्याहून वर जाळी वितळते. मिसिंग तसंच ठेवून टाकलेला नवा कॅट त्याच वाटेने जातो. इंजिन ऑइल खात असेल तर ऑइलमधला फॉस्फरस थर लिंपून टाकतो. कूलंट आत गळत असेल किंवा कुणी चुकीचा सिलिकॉन सीलंट वापरला असेल तर सेन्सर आणि कॅट दोघांवर पांढरा लेप बसतो.

गळती थंड इंजिनवर शोधा. जोडांपाशी काळी काजळी दिसते का बघा. मग सायलेन्सरच्या टोकाला घरचा ब्लोअर हवा फुंकण्याच्या बाजूने लावून, बोळा कोंबून, जोडांवर साबणाचं पाणी मारा. बुडबुडे कुठे येतात ते दिसेल. धुराच्या दोन झटक्यांमधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, मागचा सेन्सर तिला लीन समजतो आणि नाचतो. माझ्या पाहण्यातल्या खोट्या पी०४२० मध्ये हे कारण वारंवार निघतं.

लाँग टर्म फ्यूएल ट्रिम दहा टक्क्यांच्या पलीकडे असेल, अधिक किंवा उणे, तर आधी ते सोडवा. ई२० चा (वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा) परिणाम मात्र वजा करा. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७ लागतं, ई१० ला १४.१ च्या आसपास, ई२० ला साधारण साडेतेरा. ई१० वर जुळलेली गाडी ई२० वर आली की ट्रिम चार-पाच टक्के वर सरकणं हे गणितच आहे, बिघाड नाही.

सीएनजीची गाडी असेल, आणि पुण्यात ती असण्याची शक्यता बरीच, तर सगळ्या चाचण्या पेट्रोलवर घ्या. पेट्रोलवर ट्रिम शून्याजवळ आणि गॅसवर गेल्यावर वीस टक्के, असं असेल तर दोष किटच्या ट्यूनिंगचा आहे. मिथेन जाळायला कॅट जास्त गरम लागतो, त्यामुळे थकत आलेला कॅट गॅसवर आधी तक्रार करतो.

आणि पीयूसी. पेट्रोल पंपावरचं ते यंत्र म्हणजे जवळजवळ फुकटात मिळणारा गॅस ॲनालायझर आहे, आपण त्याच्याकडे स्टिकरचं यंत्र म्हणून बघतो. बीएस-४ आणि पुढच्या पेट्रोल गाडीला आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत हवेत; २५०० आरपीएमच्या चाचणीत मोनॉक्साइड ०.२ टक्के आणि लॅम्डा ०.९७ ते १.०३. गाडी दहा-पंधरा किलोमीटर चालवून लगेच जा आणि २५०० ची चाचणी खरोखर करायला सांगा. लॅम्डा १.०३ च्या वर आला तर गळतीचा संशय घट्ट होतो. लॅम्डा जागेवर आणि मोनॉक्साइड जास्त, असं आलं तर बोट कॅटकडे जातं. पीयूसी पास झाली म्हणून पी०४२० खोटा ठरत नाही, एवढं ध्यानात असू द्या.

मग घ्यावं काय

दिवा हीटरच्या कोडने लागला असेल किंवा गाडी २०१३ च्या आधीची असेल तर मल्टीमीटर. तापकीर गल्लीत चांगला मिळतो, मागून सरकवायच्या बारीक पिनाही तिथेच आसपास विचारा.

एकच गाडी, कॅनवाली, आणि वर्षातून एखाद वेळी कोड बघण्यापुरतं काम असेल तर डोंगल घेण्यात काही गैर नाही. दोनच डायलचा नियम पाळा आणि सेन्सर आळशी आहे असा निष्कर्ष त्यावरून काढू नका.

घरात दोन गाड्या असतील, मित्रांच्याही बघाव्या लागत असतील, किंवा समोर सरळ नव्या कॅटचं बिल उभं असेल, तर मी वायरवाला स्कॅनर घेईन. बिलाच्या मानाने त्याची किंमत नगण्य आहे, आणि त्याच्या रेघेवर मला मेकॅनिकशी वाद घालता येतो. डोंगलच्या रेघेवर तो घालायला जीभ रेटत नाही.

सेन्सर बदलायचं ठरलं तर नाना पेठेत अस्सल आणि नक्कल शेजारी शेजारी मिळतात. गाडीच्या कनेक्टरसकट येणारा, मूळ क्रमांकाशी जुळणारा घ्या. इंजिन कोमट असताना काढा, आदल्या रात्री आट्यांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, २२ मिलिमीटरचा खाच असलेला सॉकेट वापरा. नव्याच्या आट्यांवर लेप आधीच लावलेला असतो, वरून दुसरा फासू नका, टोकाला तर अजिबात नको. ४० ते ५० न्यूटन मीटरला आवळा. कॅट बदललाच तर जुना परत मागा. आत मौल्यवान धातू आहेत आणि भंगारात त्याला चांगला भाव आहे. मागच्या सेन्सरखाली स्पेसर (सेन्सर धुरापासून लांब नेणारा तुकडा) बसवून दिवा घालवून देतो म्हणणाऱ्याला नमस्कार करून निघा.

काम झाल्यावर कोड पुसायचा आणि कॅटची स्वयंचाचणी पूर्ण होण्याची वाट बघायची. सिंहगड रोडच्या गर्दीत ती आठवडाभरही होणार नाही. रात्रभर उभी राहिलेली गाडी सकाळी थंड सुरू करा, दोन-तीन मिनिटं आयडलवर ठेवा, मग सातारा रस्त्याने खेड शिवापूरच्या पुढे ६० ते ८० च्या एकसारख्या वेगाने दहा-पंधरा मिनिटं चालवा, मध्ये काही वेळा ब्रेक न लावता वेग उतरू द्या. चाचणी पूर्ण झाल्याचं बघायला सेकंदाला एक रीडिंगसुद्धा जास्तच होतं; या कामाला डोंगल लावून ठेवा, स्कॅनर घरी राहू दे.